तोंडचा आकडा आणि सहीचा आकडा



निवडणुकीत कोण जिंकले हे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. मतदानाच्या संध्याकाळी आणि मतमोजणीच्या सकाळी जे आकडे आपल्या कानांवर एकामागून एक आदळतात, ते एकमेकांशी जुळत का नाहीत, आणि त्यांपैकी कोणत्या आकड्याला किती मान द्यावा, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु या आकड्यांच्या घोळातून जो संशय निर्माण होतो तो अखेर माणसांवर येऊन बसतो, आणि ती माणसे आपल्याच जिल्ह्यातील आहेत, हे आम्ही पुढे दाखविणार आहोत.

आपले गाव मिरचीच्या बाजाराचे गाव आहे. तेव्हा आकडा दोन प्रकारचा असतो हे आपणांस शिकविण्याची गरज नाही. गाडी आवारात शिरली की जाणता माणूस नुसती नजर टाकून सांगतो, एवढा माल असेल. त्याचा अंदाज बहुधा फार चुकत नाही. तथापि पैसे त्या अंदाजावर कोणी चुकते करीत नाही. माल काट्यावर चढतो, काटापट्टी होते, आणि मग हिशेब होतो. अंदाज आणि काटापट्टी यांत अंतर पडले म्हणून कोणी कोणास चोर म्हणत नाही. मात्र काटापट्टी दाखवावयास कोणी टाळाटाळ केली, तर शेतकऱ्याने संशय घ्यावा की नाही, हे आपणच सांगा.

निवडणुकीतही असेच दोन आकडे असतात. एक तोंडचा, दुसरा सहीचा. आजचा बहुतेक गोंधळ पहिल्याला दुसरा समजण्यातून होतो.

प्रथम मतदानाच्या टक्केवारीचे पाहू. मतदानाच्या दिवशी दर दोन तासांनी जो आकडा जाहीर होतो तो येतो कोठून? मतदान केंद्राध्यक्ष आपल्या केंद्रावर तोपर्यंत किती मते पडली ते क्षेत्रीय अधिकाऱ्यास कळवितो; तेथून तो तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला, आणि जिल्ह्याहून मुंबईला व दिल्लीला जातो. २०२४ च्या निवडणुकांपर्यंत हा मार्ग प्रामुख्याने दूरध्वनीचा होता. आता आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणा. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे राज्यातील पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे तेथे मतदान पथकास नावेने जावे लागते. धडगावच्या डोंगरातील कित्येक पाड्यांवर दूरध्वनीची लाट पोहोचत नाही. अशा केंद्राचा पाच वाजताचा आकडा पाच वाजता मुंबईत कसा पोहोचावा? मतदान तर सहा वाजेपर्यंत चालते. सहाच्या ठोक्याला जे रांगेत उभे असतात त्यांस चिठ्ठ्या वाटल्या जातात, आणि त्यांतील शेवटच्या माणसाचे मत पडेपर्यंत केंद्र चालू ठेवावे लागते. म्हणजे पाचचा आकडा हा अपुरा असणारच. तो अपुरा आहे हे त्याच्या शेजारी छापले जात नाही, हा खरा दोष.

उदाहरण घरचेच घेऊ. लोकसभेसाठी नंदुरबार मतदारसंघात १३ मे २०२४ रोजी मतदान झाले. सायंकाळी पाच वाजेपर्यंतचा जाहीर आकडा ६०.६० टक्के होता. अंतिम आकडा ७०.६८ टक्के झाला. दहा टक्क्यांचे अंतर! मतदारसंघात सुमारे १९ लाख ७० हजार मतदार. तेव्हा दहा टक्के म्हणजे जवळजवळ दोन लाख मते. आणि निकाल काय लागला? काँग्रेसचे गोवाल पाडवी यांनी भाजपच्या डॉ. हीना गावित यांचा १,५९,१२० मतांनी पराभव केला. पाच वाजल्यानंतर वाढलेली मते विजयाच्या फरकाहून अधिक आहेत!

या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करा. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. राज्याचा पाच वाजताचा आकडा ५८.२२ टक्के होता, रात्री साडेअकराचा ६५.०२ टक्के, आणि अंतिम ६६.०५ टक्के. ही वाढ सुमारे ७६ लाख मतांची होते, एवढी मते संध्याकाळनंतर आली कोठून, असा प्रश्न सभांतून, वर्तमानपत्रांतून आणि न्यायालयातून विचारला गेला. विचारण्यात गैर काही नाही. परंतु केवळ वाढ हाच जर लबाडीचा पुरावा मानावयाचा, तर नोव्हेंबरमध्ये साडेसात-आठ टक्के वाढ झाली आणि मे महिन्यात आपल्याकडे दहा टक्के झाली. नोव्हेंबरमध्ये महायुती जिंकली, मे महिन्यात येथे काँग्रेस जिंकली. ज्यास एक वाढ खुपते त्यास दुसरीही खुपली पाहिजे. ज्यास एक पटते त्यास दुसरीही पटली पाहिजे. शंका घेण्याचा हक्क सर्वांस आहे, पण शंकेने पक्ष पाहू नये.

निवडणूक आयोगाने या आक्षेपास जे उत्तर दिले तेही ऐकून घेतले पाहिजे. राज्यात मतदान केंद्रांवर सुमारे ६ कोटी ४० लाख मते पडली. मतदानाचे तास अकरा. म्हणजे तासाला सरासरी ५८ लाख. या हिशेबाने शेवटच्या दोन तासांत १ कोटी १६ लाख मते पडावयास हरकत नव्हती. प्रत्यक्षात ६५ लाखच पडली, असे आयोगाचे म्हणणे. गणित बरोबर आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही २५ जून २०२५ रोजी यासंबंधीची याचिका फेटाळली. असे असूनही आमच्या मते सरासरीच्या गणिताने तोंड बंद होते, मन शांत होत नाही. सरासरी काढली की सबंध राज्य समोर येते. शंका असते ती एखाद्या गावातील एखाद्या खोलीविषयी. त्या खोलीत किती मते पडली याचे उत्तर सरासरीत नाही. ते एका कागदावर आहे.

हा कागद म्हणजे नमुना १७-सी. निवडणूक संचालन नियम, १९६१ यांत त्याची तरतूद आहे. मतदान संपताच केंद्राध्यक्षाने यंत्रात नोंदलेल्या एकूण मतांचा हिशेब या नमुन्यात लिहावयाचा, त्यावर सही करावयाची, आणि केंद्रावर हजर असलेल्या उमेदवारांच्या प्रत्येक प्रतिनिधीस त्याची खरी प्रत पोच घेऊन द्यावयाची. यंत्राचा क्रमांक, मतदारांची संख्या, पडलेली मते, सारे त्यावर असते. मोजणीच्या दिवशी यंत्रातून निघालेली बेरीज या कागदाशी ताडून पाहिली जाते. हीच निवडणुकीची काटापट्टी. तोंडचा आकडा डोंगरातून मुंबईस पोहोचेपर्यंत चार ठिकाणी थांबतो. हा कागद मात्र त्याच खोलीत, त्याच रात्री पुरा होतो.

आता मोजणीच्या दिवसाकडे वळू. येथे गोंधळ दुप्पट, कारण येथे दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांची शर्यत असते. सकाळी आठ वाजता मोजणीस प्रारंभ होतो तो टपाली मतपत्रिकांनी. यंत्रांची मोजणी साडेआठपासून सुरू होते. पण आठ वाजून दहा मिनिटे होत नाहीत तोच पडद्यावर अमका पक्ष इतक्या जागी पुढे आणि तमका तितक्या जागी पुढे, असे झळकू लागते. विधानसभेची निवडणूक जाहीर करताना १५ ऑक्टोबर २०२४ रोजी तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी या आकड्यांस काहीही आधार नसतो असे स्पष्ट सांगितले. त्यापूर्वी एकच आठवडा, ८ ऑक्टोबरला, हरियाणाची मोजणी झाली होती. सकाळी वाहिन्यांनी काँग्रेसला मोठ्या आघाडीवर दाखविले. संध्याकाळी ९० पैकी भाजप ४८ आणि काँग्रेस ३७ असा निकाल लागला. आयोगाच्या संकेतस्थळावर आकडे हळू येत असल्याची तक्रार काँग्रेसने केली, आयोगाने ती नाकारली. वाहिन्यांचा आकडा आणि संकेतस्थळाचा आकडा यांत अंतर का पडते ते समजून घेतले, तर अशा पुष्कळ वादांची धार बोथट होईल.

मोजणीच्या दालनात साधारणतः चौदा टेबले असतात. एका फेरीत चौदा केंद्रांची यंत्रे, आणि ती केंद्रांच्या अनुक्रमाने घेतली जातात. फेरी पुरी झाली, कागद तपासले, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची सही झाली, म्हणजे तिचे आकडे संकेतस्थळावर जातात. दालनात बसलेला उमेदवाराचा प्रतिनिधी मात्र यंत्राच्या पडद्यावरचा आकडा पाहून तेव्हाच टिपून घेतो. तो बाहेर सांगतो, आणि बाहेरचा बातमीदार तो वाहिनीला कळवितो. म्हणून वाहिनी पाचव्या फेरीचे बोलत असते तेव्हा संकेतस्थळ तिसऱ्या फेरीवर असू शकते. दोघेही आपापल्या परीने खरे असतात. फक्त किती फेऱ्यांपैकी कितवी, हे कोणी सांगत नाही. अक्कलकुव्याची पहिली फेरी म्हणजे मणिबेलीपासून नर्मदाकाठची पहिली चौदा केंद्रे. त्या चौदा गावांचे मत ते सबंध मतदारसंघाचे मत कसे होईल? पण पडद्यावर 'अक्कलकुव्यात अमुक आघाडीवर' एवढेच येते, मग ती आघाडी तीन मतांची असो की तीन हजारांची.

आणि आपल्याकडे तीन मतांचा आणि तीन हजारांचा फरक फार मोठा असतो. अक्कलकुव्यात २०१९ साली ॲड. के. सी. पाडवी यांनी आमश्या पाडवी यांचा २,०९६ मतांनी पराभव केला. २०२४ साली त्याच दोघांत निकाल उलटला आणि आमश्या पाडवी २,९०४ मतांनी निवडून आले. नवापुरात त्याच वर्षी शिरीषकुमार नाईक यांनी शरद गावित यांच्यावर १,१२१ मतांनी विजय मिळविला. शंभर केंद्रांवर प्रत्येकी सहा मते इकडची तिकडे गेली असती तर नवापूरचा आमदार बदलला असता. अशा ठिकाणी दहाव्या फेरीला फटाके वाजविणे म्हणजे बाजारात तुरी हा प्रकार.

शेजारच्या धुळे लोकसभा मतदारसंघात ४ जून २०२४ रोजी काय झाले ते खानदेशात सर्वांस आठवत असेल. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांची बेरीज केली तर डॉ. सुभाष भामरे सुमारे १ लाख ८९ हजारांनी पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने ती सारी आघाडी पुसून टाकली, आणि डॉ. शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी विजयी झाल्या. दिवसभर एक चित्र पाहिलेल्या माणसास संध्याकाळी दुसरे दिसले की त्यास वाटते, मध्येच कोणी काही केले. केलेले काही नसते. मते आदल्याच महिन्यात यंत्रांत बंद होऊन पडलेली होती; आपण ती ज्या क्रमाने ऐकली तो क्रम तेवढा फसवा होता.

त्याच दिवशी मुंबई वायव्यमध्ये तर वाहिन्यांनी अमोल कीर्तिकर यांस विजयी करून टाकले होते. यंत्रांतील मते होती कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. साडेनऊ लाखांहून अधिक लोकांनी मतदान केलेल्या ठिकाणी एका मताचे अंतर! टपाली मते कीर्तिकरांस १,५०१ आणि वायकरांस १,५५० मिळाली, आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने ठरविले की, टपाली मतांची मोजणी पुरी झाल्याखेरीज यंत्रांची उपान्त्य फेरी सुरू करावयाची नाही. शहाणपण उशिरा आले, पण आले.

हे आपल्याच देशातील वाहिन्यांचे व्यंग आहे असे मात्र कोणी समजू नये. ३ नोव्हेंबर १९४८ रोजी 'शिकागो ट्रिब्यून' या मातबर दैनिकाने ड्यूई यांनी ट्रूमन यांचा पराभव केला असा तीन इंग्रजी शब्दांत मावणारा निकाल ठळक टायपात छापला. छापखान्यातील संपामुळे अंक लौकर छापावयाचा होता, निकाल पुरे आले नव्हते, आणि थांबण्याची तयारी नव्हती. निवडून आले ट्रूमन, आणि त्यांनी तो अंक हातात उंच धरून हसत छायाचित्र काढून घेतले. घाईचे कारण दर पिढीत बदलते, घाई तीच राहते.

आता सर्वांत गंभीर आरोपाकडे येऊ: पडलेली मते आणि मोजलेली मते जुळत नाहीत. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात पडलेली मते ६,४०,८८,१९५ आणि मोजलेली ६,४५,९२,५०८, म्हणजे पाच लाखांहून अधिक मते जास्त मोजली, अशी बातमी आली. ऐकताच छातीत धस्स व्हावे असा हा आकडा. पण पहिल्या आकड्यात टपाली मते धरलेलीच नव्हती. ती ५,३८,२२५ होती. ती मिळविली की बेरीज मोजलेल्या मतांहून किंचित अधिकच होते; कारण काही टपाली मतपत्रिका बाद ठरतात, आणि नियमाप्रमाणे एखादे यंत्र बाजूलाही ठेवावे लागते.

बीड जिल्ह्यातील आष्टीचे उदाहरण या बातमीत विशेष गाजले. तेथे यंत्रांत मते पडली २,८२,२४६ आणि निकालात दिसली २,८६,७८४. अंतर ४,५३८. टपाली मते आली होती ५,०१३, त्यांतील ४७५ बाद झाली. ५,०१३ मधून ४७५ वजा करा: ४,५३८! एका मताचीही खोट नाही. ही वजाबाकी चौथीतील मूल करील. प्रश्न असा की, ती लोकांपुढे बातमीनंतर का आली, बातमीपूर्वी का नाही?

येथे आयोगाकडे बोट दाखविल्यावाचून आमचे बोलणे पुरे होणार नाही. लोकसभेच्या पहिल्या टप्प्याचे मतदान १९ एप्रिल २०२४ रोजी झाले, आणि त्याची पुरी टक्केवारी ३० एप्रिलला प्रसिद्ध झाली. अकरा दिवस! तीही केवळ टक्केवारी. मतांची संख्या नव्हे. केंद्रवार १७-सी प्रसिद्ध करावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. आयोगाने विरोध केला, आणि निवडणूक चालू असता मध्येच आदेश देण्यास न्यायालयाने २४ मे रोजी नकार दिला. दुसऱ्याच दिवशी आयोगाने आपण होऊन पाच टप्प्यांतील मतांची संख्या जाहीर केली. जी गोष्ट एका दिवसात देता आली ती महिनाभर का अडवून ठेवली? नंतर जून २०२५ मध्ये, केंद्राध्यक्षांनीच आपल्या केंद्राचा आकडा थेट आयोगाच्या ॲपवर भरावा, अशी व्यवस्था जाहीर झाली. हे स्वागतार्ह आहे. तथापि तो आकडाही वेगाने आलेला तोंडचाच आकडा. सहीचा कागद नागरिकास घरबसल्या पाहता येत नाही तोवर संशयाला खाद्य मिळत राहणार. प्रत उमेदवाराच्या प्रतिनिधीस मिळते हे खरे. पण मत उमेदवाराचे नव्हते, मतदाराचे होते.

दुसरे बोट राजकीय पक्षांकडे. या कागदाची प्रत त्यांच्या माणसाच्या हातात कायद्याने पडते. ती घेतली काय, जपून ठेवली काय, सर्व केंद्रांची बेरीज करून निकालाशी ताडून पाहिली काय? येथे सर्व पक्षांचे कार्यकर्ते बसले आहेत. त्यांनी आपापल्या कचेरीत जाऊन हे विचारावे. ज्याच्या खिशात काटापट्टी आहे त्याने वाहिनीवर जाऊन वजनाविषयी ओरडत बसू नये, कागद बाहेर काढावा. आणि ज्याने ती घेतलीच नाही त्याने शेजाऱ्याच्या काट्याला नावे ठेवू नयेत.

आता ज्या माणसांविषयी बोलण्याचे वचन प्रारंभी दिले त्यांच्याकडे येऊ. संध्याकाळनंतर पडलेली मते खोटी, हे वाक्य शहरात सहज बोलले जाते. पण संध्याकाळी रांगेत कोण असते? दिवसाची मजुरी बुडवावयाची नाही म्हणून काम उरकून आलेला माणूस. स्वयंपाकपाणी, गुरेढोरे, मुले यांतून सुटून आलेली बाई. पाड्यावरून डोंगर उतरून आलेली म्हातारी, जिला पोहोचावयासच दुपार टळली. सहा वाजता हातात चिठ्ठी घेऊन ती काळोखात उभी राहिली, मत देऊन परत डोंगर चढून गेली. तिचे मत पाचच्या आकड्यात नव्हते. आपण पुराव्यावाचून सबंध वाढीलाच बनावट म्हटले की तिच्या त्या खटाटोपास बनावट म्हटले जाते, आणि तिला याचा पत्ताही नसतो. उलटपक्षी, कोठे खरोखर काही काळेबेरे झाले असेल, तर ते याच गलबल्यात दडून जाते. कारण सर्वांवरच संशय घेतला की कोणावरच घेतल्यासारखा होत नाही. म्हणून खरा आकडा उघड्यावर असणे हे दोघांच्याही हिताचे आहे: प्रामाणिक मतदाराच्या आणि प्रामाणिक तक्रारदाराच्या.

तेव्हा पुढची निवडणूक येईल तेव्हा आपण काही साध्या गोष्टी कराव्यात असे आम्हांस वाटते. कोणी आकडा सांगितला की त्यास तीन प्रश्न विचारावेत: किती वाजताचा, कितव्या फेरीचा, आणि कोणाच्या सहीचा? यांतील एकाचेही उत्तर नसेल तर तो आकडा ऐकावा आणि सोडून द्यावा, पुढच्यास सांगू नये. गावातील वर्तमानपत्राने पाचची टक्केवारी छापताना ती अपुरी आहे हे त्याच ओळीत छापावे, आणि अंतिम आकडा आल्यावर तोही तेवढ्याच मोठ्या टायपात द्यावा. प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीने १७-सी घेतल्यावाचून केंद्र सोडू नये. आणि आयोगाकडे आपण सर्वांनी मिळून एकच मागणी करावी: टक्के नकोत, संख्या द्या, आणि ती केंद्रवार, सहीच्या कागदासह, मोजणीपूर्वी द्या.

लोकशाहीत हरणाऱ्यानेही निकाल मानावा लागतो, आणि हे जिंकणाऱ्याच्या मोठेपणावर अवलंबून नसते. हिशेब उघडा आहे या हरलेल्याच्या खात्रीवर असते. नवापुरात १,१२१ मतांनी हरलेल्या उमेदवाराच्या मतदारास ती खात्री वाटली पाहिजे, तशीच अक्कलकुव्यात २,९०४ मतांनी हरलेल्याच्या मतदारास. ती देण्याचे काम दूरचित्रवाणीच्या पडद्याचे नव्हे. ते काम एका कागदाचे, त्यावर सही करणाऱ्याचे, आणि तो मागून घेणाऱ्या आपले आहे.